परातीवरची मोकळी जागा

चर्च विकायला निघालं की मला फोन येतो. न्यू जर्सीत हल्ली बरीच चर्च विकायला निघतात. माणसं येत नाहीत, छप्पर गळतं, मग एक दिवस बिल्डर येतो. आत भिंतींवर पितळी पाट्या तशाच असतात, अमक्या सैनिकाच्या स्मरणार्थ, तमक्या प्रिय पत्नीच्या स्मरणार्थ. त्या भंगारात जाण्याआधी मी जाते, बॅटरी तिरकी धरून पाटी वाचते आणि ती कधीची, किती हातांनी कोरलेली, कोणती तारीख मागाहून घातलेली, ते लिहून देते. ईमेलमध्ये मला 'एक्स्पर्ट' म्हणतात. माझं शिक्षण बी.ए.चं दुसरं वर्ष, तेही अर्धवट. बाकीचं शिक्षण वडिलांच्या शेजारी, जमिनीवर बसून झालेलं.

माझ्या नवऱ्याला माझ्या सख्ख्या भावानं कोयत्यानं मारलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक आडून आडून विचारत राहतात आणि मला त्याचा राग येतो. मी इथे निर्वासित म्हणून राहते. माझा अर्ज मंजूर होणार की मला परत पाठवणार, हे शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. भावानं केलं ते वडिलांना आधीपासून माहीत होतं का?

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा भांड्यांवर नावं घालायचे. तालुक्याच्या गावात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक होती. पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात बोटभर टाकी आणि छोटी हातोडी. शेजारच्यानं विजेचं मशीन घेतलं तेव्हा अण्णा म्हणाले, त्यानं नाव घातलं जात नाही, भांडं ओरबाडलं जातं. आधी दोन बारीक आडव्या रेघा मारायच्या, अक्षरं मोजायची, मगच पहिला ठोका. मला ते काम आवडायचं आणि यायचंही, दादापेक्षा बरं यायचं. टाकी घसरली की हातोडीचा दांडा बोटांवर बसायचा. माझ्या उजव्या करंगळीचं पेर अजून वाकडं आहे. दादाला पट्टा मिळायचा, त्यामुळे मी स्वतःला लाडकी समजत होते. आई मी लहान असतानाच गेली होती, समजूत काढायला मध्ये कुणी नव्हतं.

आमच्याकडे मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की घरचे तिची भांडी जमवायला लागतात. एकेक घ्यायचं, अण्णांकडे आणायचं. अण्णा त्यावर मुलीचं नाव घालायचे, पुढे नवऱ्याच्या नावाची आणि आडनावाची जागा मोकळी सोडायचे, आणि मग 'हीस वडिलांकडून'. लग्न ठरलं की भांडी परत यायची, मोकळी जागा भरली जायची. तारीख सगळ्यात शेवटी. एकदा तारीख पडली की भांडं मुलीचं झालं, ते पुन्हा पायरीवर येत नसे. हा क्रम अण्णांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही.

मी दुसऱ्या जातीच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि फार बडबडायचा. सहा महिने अण्णांचा निरोप नाही, फोन नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "जेवायला या दोघं. तुझी परात तयार आहे," एवढंच बोलले. मी फोन ठेवून ढसाढसा रडले. अण्णांनी परातीवर नाव घातलं म्हणजे मला मुलगी म्हणून परत घेतलं, असा त्याचा सरळ अर्थ होता. नवऱ्यानं नवा शर्ट घेतला, अण्णांसाठी पेढे घेतले आणि वाटेत तीनदा विचारलं की पाया पडताना आधी उजवा पाय की डावा.

दुपारचे साडेबारा झाले असतील. अण्णांनी ओटीवर मला पाटावर बसवून परात मांडीवर दिली, आत तांदूळ आणि नारळ. मोठी, जड, पितळी परात. मी सवयीनं काठाच्या आतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. माझं नाव होतं. पुढे जागा मोकळी. मग 'हीस वडिलांकडून'. खाली त्याच महिन्याची तारीख. मी अण्णांकडे पाहिलं, ते दाराबाहेर बघत होते. मला वाटलं, म्हातारा अजून रुसलाय. परजातीचं नाव घालायला हात रेटला नसेल, नातवंड झालं की घालतील. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "तुझं नाव राहिलंय."

तो म्हणाला, "जावयाचं प्रोबेशन चालू आहे." आणि हात धुवायला वाकला.

दादा मागच्या दारानं आला. पहिला घाव मानेवर बसला. आवाज ओल्या लाकडावर बसतो तसा आला. नवरा वळला, त्याला काय झालं ते कळलंच नव्हतं, तो दादाला काहीतरी विचारत होता. दुसरा घाव माझ्यावर आला. मी परात वर धरली की ती आपोआप वर आली, सांगता येत नाही. कोयता काठात घुसला, चिरत दोन बोटं आत आला आणि अडकला. दादानं लाथ मारून तो सोडवला. पुढचे सगळे घाव नवऱ्यावर. तांदूळ लाल झाले. मी ओरडत होते, दादाच्या पोटरीला चावले, तोंडात त्याचं रक्त आलं. शेजारी येईपर्यंत दादा थांबला नाही. अण्णा ओटीवर बसून होते. उठले नाहीत.

पोलिसांना मी सांगितलं, अण्णांना काही माहीत नव्हतं. त्यांना धक्का बसला होता, म्हणून ते उठले नाहीत. त्यांनी तर आम्हाला भांडं द्यायला बोलावलं होतं. शिपायानं लिहून घेतलं, मी सही केली. पोलिसांनी कोयता नेला, परातीकडे कुणी पाहिलंही नाही. दादाला पुढे जन्मठेप झाली. अण्णांचं नाव आरोपपत्रात आलंच नाही, ते माझ्या त्या सहीमुळे.

नवऱ्याची मोठी बहीण इथे न्यू जर्सीत, एडिसनला राहते. तिला मी ताई म्हणते. भावाच्या दहाव्याला ती आली ती मला घेऊन जायचं ठरवूनच. तोवर अण्णांकडची माणसं माझ्या सासरी दोनदा येऊन गेली होती. मुलगी परत द्या म्हणाली, सासऱ्यांच्या कानफटात मारली, दारातली स्कूटर पेटवली. मी लपून ऐकत होते, आणि तेव्हाही म्हणत होते की हे चुलत्यांचं काम असेल. व्हिसा मिळायला महिने गेले. सामानात मी तीन साड्या आणि परात घेतली. ताईनं विमानतळावर ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. घरी आल्यावर तिनं ती चादरीत बांधून माझ्या पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "ही मला दिसता कामा नये."

आसायलमचा अर्ज केला. मग वाट पाहणं. वर्षं गेली. त्या वर्षांत मी फार चांगली बाई नव्हते. ताईच्या घरी चार कप, एक काचेचं भांडं आणि बाथरूमचं दार मी फोडलं. एकदा ओक ट्री रोडवर, किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये एका माणसानं बायकोच्या दोन थोबाडीत दिल्या. सगळे आपापल्या गाड्यांत सामान भरत होते. माझ्या हातात नारळांची पिशवी होती. मी ती गरगर फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा दात पडला. पोलीस आले. ती बायको माझ्याच अंगावर ओरडत होती, "माझ्या नवऱ्याला मारते म्हणजे काय?" मला तिलाही एक द्यावीशी वाटली. त्या माणसानं तक्रार केली नाही, कारण आधी त्यानं काय केलं ते सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर ताईचा स्फोट झाला. "तुला कळतं का काही? अरेस्ट झाली असती तर केसचं काय झालं असतं? लॉयरनं क्लिअरली सांगितलंय ना?"

"मग बघत उभी राहू?"

"तेव्हा काय केलंस? पोलिसांपुढे?" ताई म्हणाली. "माझ्या भावाला ज्यानं घरी बोलावून मारवलं त्याला तू एका वाक्यात सोडवलंस. तेव्हा कुठे गेला होता तुझा नारळ?"

मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. ताईची मुलगी जिन्यावरून म्हणाली, "Guys, please." त्यानंतर आठ दिवस ताई आणि मी एका घरात राहून एकमेकींशी बोललो नाही. ती जेवण झाकून ठेवायची, मी भांडी घासून ठेवायचे. तिचंच चुकतंय असं मला तेव्हा वाटत होतं. माझ्या बापाला ती ओळखत नाही, असं मी मनात म्हणायचे.

चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले ती फुकटच्या इंग्लिश वर्गासाठी. मग वर्क परमिट आल्यावर तिथेच साफसफाईचं काम मिळालं. चर्च जुनं, दगडी. भिंतीवर पितळी पाट्या, सगळ्या काळपटलेल्या. मला बघवेना. पितळ असं ठेवतात का? दुसऱ्याच आठवड्यात मी घरून चिंच आणि मीठ नेलं, नारळाची शेंडी नेली, आणि सर्वांत मोठी पाटी दोन तास घासली. सोन्यासारखी निघाली. दिवाळीला भांडी घासून उन्हात मांडल्यावर वाटतं तसं वाटलं. आता कुणीतरी शाबासकी देईल म्हणून मी तिथेच उभी राहिले.

चर्चची देखभाल करणारा एक म्हातारा होता, पूर्वीचा शाळामास्तर. तो आला, पाटी पाहिली आणि खाली बसला. मग उठून इतक्या मोठ्यानं ओरडला की मी हात डोक्यावर घेतले. मला वाटलं आता मारणार. त्या पाट्यांच्या अक्षरांत काळं मेण भरलेलं असतं. मी ते सगळं उकरून काढलं होतं. अक्षरं पितळेत पितळ होऊन दिसेनाशी झाली होती. शंभराहून जास्त वर्षं जे नाव वाचता येत होतं ते मी दोन तासांत पुसलं होतं.

माझे हात डोक्यावर गेलेले पाहून म्हातारा गप्प झाला. मग हळूच विचारलं, तुला कोण मारायचं? मी म्हटलं, ते राहू दे, मेण कुठे मिळतं ते सांग. मी ती पाटी भरून दिली, तीन दिवस लागले. मेण भरताना त्याला म्हटलं, ही तारीख नंतरची आहे, दुसऱ्या माणसानं घातली आहे, तो डावखुरा असावा. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. त्या पाट्यांवर तो वीस वर्षं वह्या भरत होता आणि हे त्याला दिसलं नव्हतं. त्याच्या हातात टाकी कधी आली नव्हती, त्यात त्याचा दोष नाही.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी त्याच्या खटारा गाडीतून वेगवेगळी चर्च बघायला लागलो. कागद पाटीवर चिकटवून वरून काळी मेणकांडी घासायची, म्हणजे पाटीचा ठसा उमटतो, हे त्यानं शिकवलं. बॅटरी समोरून न धरता कडेनं, अगदी तिरकी धरायची म्हणजे पुसलेला घावसुद्धा सावली टाकतो, हेही त्यानं शिकवलं. टाकीचं वाचन मी त्याला शिकवलं. त्याच्या ओळखीनं मला पहिलं काम मिळालं, मग दुसरं. एवढ्या वर्षांत मला राग न आलेले तेवढेच दिवस.

सुनावणीची तारीख पडली, तीन महिन्यांनंतरची. वकीलबाईंनी माझा भारतातला जबाब इंग्रजीत करून पुढ्यात ठेवला. "सरकारी वकील हेच वाचणार," त्या म्हणाल्या. "भाऊ जेलमध्ये आहे. वडिलांना काही माहीत नव्हतं, हे तुमचंच म्हणणं. ते मुलीला परत बोलावतायत. मग तिथे धोका कुणापासून?" आणि पुढे म्हणाल्या, जबाब बदललात तर खोटारड्या ठराल, मग काहीच उरणार नाही.

त्याच शनिवारी आम्ही उत्तरेकडच्या एका लहान चर्चमध्ये होतो. तिथे नवरा-बायकोची एक पाटी होती. नवऱ्याचं नाव, जन्म, मृत्यू. खाली बायकोचं नाव, जन्म, आणि मृत्यूपुढे मोकळी जागा. तिनं नंतर दुसरं लग्न केलं असेल आणि दुसरीकडे पुरली असेल, म्हातारा म्हणाला. मी म्हटलं, नाहीतर घालायची राहिली असेल.

"तारीख राहिली असेल, पण जागा नव्हे," तो म्हणाला. "जागा कधी चुकून राहत नाही. कुणीतरी ती मोजून सोडलेली असते. पाटी लावली त्या दिवशी ही बाई इथेच उभी होती, आणि आपल्या नावापुढे काय यायचं आहे ते तिला माहीत होतं."

मी बॅटरी तिरकी धरली. मोकळ्या जागेतून दोन बारीक आडव्या रेघा गेलेल्या होत्या. कोरणाऱ्यानं अक्षरांसाठी आधीच मारून ठेवलेल्या. मी बॅटरी विझवली आणि म्हाताऱ्याला म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता घरी सोड.

घरी येऊन मी पलंगाखालची परात ओढून काढली. वर्षानुवर्षं तिच्यावर झोपत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, पडदे ओढले, बॅटरी तिरकी धरली. मोकळ्या जागेत दोन रेघा होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. अण्णांना माझ्या नवऱ्याचं नाव घालायचं नसतं तर त्यांनी अक्षरं जवळ घेतली असती. माझ्या एका मावशीनं लग्न केलं नाही, तिच्या भांड्यांवर अण्णांनी तसंच केलं आहे, नावाला लागून 'हीस'. इथे त्यांनी जागा मोजली होती.

मी स्वतःशी वाद घातला. परात जुनी असेल. मी लहान असताना नाव घालून ठेवलेली, आणि त्या महिन्यात फक्त तारीख घातली. मला तसंच हवं होतं. मग मी भिंग घेतलं आणि माझ्या नावातले घाव पाहिले. प्रत्येक घावाच्या तळाशी केसाएवढी एक उभी रेघ होती. तारखेतल्या घावांतही तीच रेघ. ती रेघ कुठून आली ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. मी घर सोडलं त्याच्या आदल्याच दिवशी अण्णांची टाकी माझ्या हातून दगडावर पडली आणि धारेला खोल, घासूनही न जाणारी खाच पडली. त्याबद्दल अण्णांनी तीच टाकी माझ्या दंडावर ओढली होती. वण आहे. म्हणजे परातीवरचं माझं नाव माझ्या लग्नानंतर घातलेलं होतं, तारखेच्याच बैठकीत, त्याच टाकीनं. नवरा ठरायचा असतो तेव्हाच जागा सोडतात. आणि नुसता रुसवा असता तर नावाबरोबर तारीखही राहिली असती. माझा नवरा जिवंत असताना अण्णांनी त्याच्या जागी पुढच्या नवऱ्याची जागा मोजली, तारीख घातली आणि आम्हाला जेवायला बोलावलं.

आणि मी ती जागा बोटानं वाचली होती. गावातली कुठलीही मुलगी चुकली असती, पण मी नाव घालणाऱ्याची मुलगी. मी तिला रुसवा समजले, आणि तो हात धुवायला वाकला.

ताई ऑफिसातून आली तेव्हा मी टेबलाशीच बसले होते. तिला परात दिसली. ती दारातच थांबली. मी म्हटलं, "ताई, तुझं खरं होतं. अण्णांना माहीत होतं." सगळं दाखवलं. तिनं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला वाटलं, ही आता मला मारील, आणि मारलं असतं तर मी हात वर केले नसते. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला बरोबर ठरायचं नव्हतं ग." मग आम्ही दोघी रडलो. त्याच्यासाठी एकत्र रडायची ती पहिलीच वेळ होती.

सुनावणीला मी परात चादरीत बांधून नेली. सुरक्षेवाल्यानं ती तीनदा मशीनमधून घातली. दुभाषी म्हणून साठीचे एक मराठी गृहस्थ होते, कोट घातलेले, माझ्याकडे न बघणारे. सरकारी वकिलानं माझा जुना जबाब वाचला आणि विचारलं, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?

"तेव्हा मला वाचता आलं नाही," मी म्हटलं.

न्यायाधीशबाईंनी परात पुढे मागितली. मी बॅटरी धरली, ठसा काढलेला कागद शेजारी ठेवला, खाच दाखवली, दंडावरचा वण दाखवला, मावशीनं चोरून पाठवलेला तिच्या भांड्याचा फोटो दाखवला. चर्चच्या पाट्यांचे माझे रिपोर्ट वकीलबाईंनी आधीच दिले होते, म्हाताऱ्याचं पत्रही होतं. मग न्यायाधीशबाईंनी विचारलं, ही जागा कशासाठी सोडतात?

मी मराठीत सांगितलं. दुभाषी बोललेच नाहीत. ते परातीकडे बघत होते, कोयत्याच्या चिरेकडे नाही, मोकळ्या जागेकडे. न्यायाधीशबाईंनी त्यांना पुन्हा सांगितलं, भाषांतर करा. "सॉरी, युवर ऑनर," ते म्हणाले, आणि रुमालानं तोंड पुसून एकेक शब्द इंग्रजीत ठेवला. नवऱ्याच्या नावासाठी. नवरा ठरायचा असतो तेव्हा. त्यांच्या घरी अशी भांडी असणार, त्यांच्या बायकोची, कदाचित मुलीचीही.

"तुमच्या वडिलांना माहीत होतं, असं तुमचं म्हणणं आहे?" सरकारी वकिलानं विचारलं.

"माझ्या वडिलांना माहीत होतं. त्यांनी मोजून जागा सोडली. मी परत गेले तर ती जागा भरतील."

एवढं बोलले आणि मला अण्णांची आठवण आली, पायरीवर बसलेल्या, माझ्या हातावर हात ठेवून पहिला 'अ' घालून घेणाऱ्या अण्णांची. अजूनही येते. माझ्या नवऱ्याला मारवणाऱ्या माणसाची आठवण येते याची मला लाज वाटते आणि येणं थांबत नाही.

अर्ज मंजूर झाला. सरकारी वकिलानं पुढे अपील केलं नाही. बाहेर आल्यावर ते दुभाषी लिफ्टपाशी उभे होते. त्यांनी माझ्याशी बोलायला नको होतं, नियम असावा. "जपून जा, बाळ," एवढं म्हणाले आणि जिन्यानं उतरले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ताईनं परात टेबलावर आणून ठेवली आणि माझ्या कामाची पिशवी शेजारी ठेवली. "त्याचं नाव घाल," ती म्हणाली. "ती जागा भर."

मी टाकी हातात घेतली. त्या दोन रेघांमध्ये टेकवलीसुद्धा. मग उचलली. ती जागा त्याच्यासाठी कधीच नव्हती. तिथे त्याचं नाव घातलं असतं तर अण्णांची ओळ पूर्ण झाली असती, 'हीस वडिलांकडून', जणू जावयाला घरात घेतलं होतं. इतका राग आला की एक घाव त्या जागेत आडवा मारून सगळंच खरवडून टाकावं असं वाटलं. पण खरवडलेलं वाचता येत नाही. मी परात उलटी केली.

पाठ कोरी होती. दोन रेघा मारल्या, अक्षरं मोजली. ताईनं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला, चिरेपाशी टॉवेल लावून. मी त्याचं पूर्ण नाव घातलं, जन्म घातला, मृत्यू घातला. अडीच तास लागले. एकदाही टाकी घसरली नाही. मग त्याच्याखाली माझं नाव, माझा जन्म, आणि पुढे तारखेपुरती जागा मोजून मोकळी सोडली. रेघा मात्र मारून ठेवल्या.

ताईनं बोट फिरवलं. त्याच्या नावावरून हळू, मग माझ्या नावावरून, मग जागेपाशी थांबलं. तिला विचारायची गरज पडली नाही.

"ही मी भरणार नाही," ती म्हणाली. "तू माझ्यामागून जायचंस." मग तिनं परात उचलली, सिंकमध्ये धुतली, सुलट करून ओट्यावर ठेवली आणि कणकेचा डबा काढला.